आमा लुआनच्या शेवया

फुकेतच्या जुन्या पेठेत कुठं काय खावं, हे कुणाला सहज म्हणून विचारू नये. पेठेतला माणूस हातातलं काम टाकतो, तुमचं मनगट धरतो आणि सांगत सुटतो. न्याहारीला वाफेवरच्या पदार्थांच्या टोपल्या हव्यात तर घड्याळाच्या चौकात जा, पण उजवीकडच्याकडे; डावीकडचा कालचं आज वाफवतो. अळकुड्या आणि कालवांचं ओताव, म्हणजे तव्यावरचं धिरडं, त्या बोळातल्या म्हातारीकडे खा, ती शिव्या देते पण कालवं मोजत नाही. दुपारी बर्फावरचं लाल सरबत कुठलं, संध्याकाळी तळलेली डुकराची आतडी कुणाची, सगळं तोंडपाठ. आणि कोळशावर परतलेल्या जाड पिवळ्या शेवया म्हटलं की दुसरं नावच निघत नाही. देवळामागच्या गल्लीत, हुआतच्या पडवीत.

वर्षभर हेच उत्तर. मग सोवळ्याचे नऊ दिवस येतात, सगळी पेठ पांढरे कपडे घालते, खाण्याच्या प्रत्येक गाड्यावर पिवळा झेंडा लागतो, आणि त्याच प्रश्नाला तीच माणसं अगदी आतापर्यंत वेगळं उत्तर द्यायची. "तिथं नको. तिथं बंद असतं." का बंद असतं ते परक्याला सांगायची नाहीत. तेवढी अब्रू पेठ राखून होती, स्वतःची.

हुआतची पडवी म्हणायची पद्धत, पण कढईपुढं हुआत कधी उभा राहिला नाही. तो कांदे सोलायचा, वाडगे विसळायचा, गिऱ्हाइकांशी हवापाण्याच्या गप्पा मारायचा. कढईपुढं उभी असायची त्याची बायको सोइपिन. पट्टलुंगच्या भातशेतीतली मुलगी, उन्हानं रापलेली, मनगटानं दणकट. लग्न होऊन आली तेव्हा तिला सासरची चिनी बोली येत नव्हती. पेठेतल्या गोऱ्यागोमट्या, मणी भरलेल्या सपाता घालणाऱ्या बायकांनी तिला पाहिलं आणि लुआनच्या घरात मोलकरीण आली की सून, असं एकमेकींना विचारलं. लुआन म्हणजे हुआतची आई. तिला सगळी पेठ आमा म्हणायची.

स्वयंपाक आमानं शिकवला हे खरं, आणि सोइपिन तो शिकली हेही खरं. विस्तव किती, शेवया कढईला लागू लागल्या की रस्सा कधी ओतायचा, झाकण कधी ठेवायचं, हे तिनं वर्षभरात उचललं. आमाची स्वतःची एकच खूण होती. शेवटी डुकराच्या कढवलेल्या चरबीचा एक झारा आणि वरून चरबीची चार कुरकुरी, म्हणजे कढवून उरलेले तळीव तुकडे. त्याशिवाय आमा स्वतःही घास घेत नसे. "हे नसलं तर गोठ्यात वैरण टाक," असं म्हणायची.

सोवळ्याच्या नऊ दिवसांत हे सगळं बंद. मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. भांडी नवी काढायची, नाही तर आगीत भाजून घ्यायची. घरात सुतक असलेल्यानं देवळाच्या वाटेलाही जायचं नाही. आणि ज्याच्या गाड्यावर पिवळा झेंडा, त्याच्या हातचं पोथीतल्या शब्दासारखं शुद्ध, असं सगळे धरून चालतात. झेंडा देवळाचे पंच देतात. जुन्या पेठेत तो झेंडा मिळणं म्हणजे तुम्ही पेठेतले.

सोइपिनचं लग्न झाल्यावरचं पहिलंच सोवळं होतं. कढई नवी, तेलाचा डबा नवा, शेवया आळंबी आणि टोफू घालून तिनं स्वतः परतल्या. दुपारी देवळाच्या मुदपाकखान्यातली मुलं जेवायला आली. त्यात थियाम होता. वयानं तरुण, अंगानं बारीक, सोवळ्यात भलताच कडक. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, आणि यंदाचं सोवळं मी तसूभरही मोडणार नाही, आईला वाचव, असं तो देवाला बोलला होता. तिसऱ्या का चौथ्या घासाला त्याच्या दाताखाली काहीतरी कुरकुरलं. त्यानं ते तळहातावर काढलं. चरबीची कुरकुरी होती, करंगळीच्या नखाएवढी.

त्याची आई सोवळं संपायच्या आत गेली.

मग देवळात बैठक बसली. देवापुढं लाकडाचे अर्धचंद्र टाकून कौल लावला, दोष या घराचा का. कौल आला, याच घराचा. देवानं घर सांगितलं, माणूस सांगितला नाही. माणूस आमानं सांगितला. उभी राहिली, पदर सावरावा तसा खांद्यावरचा रुमाल सावरला आणि चिनी बोलीत दोनच वाक्यं बोलली. सोइपिनला त्यातलं काही कळलं नाही. सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळल्या तेव्हा कळलं.

"नवी आहे, पट्टलुंगची," असं आमा म्हणाली होती. "तिला आपलं सोवळं काय कळतं?"

त्या दिवसापासून पडवीला झेंडा नाही. नऊ दिवस फळ्या लावून आत बसायचं. बाहेर फटाक्यांच्या माळा फुटताहेत, गालांतून सळया आरपार घातलेले, अंगात देव आलेले लोक मिरवत चालले आहेत, घराघरांपुढं फळांची मेजं मांडली आहेत, आणि हे तीन जण आत अंधारात. दहाव्या दिवशी फळ्या निघाल्या की तेच लोक परत यायचे. "एक वाडगा, कुरकुरी जास्त." खायला काही लाज नव्हती त्यांना. सोइपिनचा राग त्या नऊ दिवसांपेक्षा ह्या दहाव्या दिवशी जास्त पेटायचा, पण ती कढईपुढून बोलत नसे. जास्त बोलणाऱ्याचा वाडगा तेवढा उशिरा जायचा.

तिला मूल झालं नाही. तेही त्या कुरकुरीच्या खात्यावर जमा झालं. असल्या घरात देव कशाला पाळणा हलवील, असं बायका पाण्याच्या नळावर म्हणायच्या, सोइपिन बादली भरत असतानाच म्हणायच्या. आमा हे ऐकायची आणि सुस्कारा टाकायची. इतका सुंदर सुस्कारा की बायका तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. आणि हुआत? हुआत चांगला माणूस होता. कुणालाही विचारा. त्यानं आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही, कारण त्यानं आयुष्यात काही केलंच नाही.

सोइपिन दर वर्षी सोवळ्याआधी एक नवी कढई विकत आणायची. घासायची, तेल लावून विस्तवावर काळी करायची आणि भिंतीला टांगायची. झेंडा येणार नाही हे माहीत असायचं. तरी कुणी अचानक दारात उभं राहून घे झेंडा म्हणालं तर आपण अडायला नको, एवढंच तिच्या मनात. नऊ दिवस झाले की ती कढई रोजच्या कामाला लागायची. पेठेत या गोष्टीची थट्टा होती. कढयांचं दुकान काढ म्हणायचे.

अशी माणसं म्हातारी होतात तशी ती तिघं म्हातारी झाली. आमा फारच झाली. पडवीमागच्या खोलीत खाटेवर पडून असायची, तिथून तिला कढई दिसायची आणि ती तिथूनच विस्तव कमी कर, विस्तव वाढव, असं ओरडायची. दात गेले होते. सोइपिन तिच्यासाठी शेवया कुस्करायची आणि कुरकुरी खलबत्त्यात कुटून वरून घालायची. ती नसली तर म्हातारी तोंड मिटून घ्यायची.

त्या वर्षी नगरपालिकेनं गल्लीच्या तोंडाशी एक मोठा फलक लावायचं ठरवलं. चिनीमातीच्या फरशांचा, पेठेतल्या जुन्या खाण्याच्या जागांची चित्रं आणि नावं असलेला. नावं कुणाची, हे देवळाच्या पंचांनी सांगायचं. पंचांत आता सगळ्यात मोठा थियाम होता. बारीक अंग तसंच, केस पांढरे. गल्ली त्याला को थियाम म्हणायची, म्हणजे थोरला भाऊ थियाम. शिव्या देणाऱ्या म्हातारीचं नाव लागलं. कालचं आज वाफवणाऱ्याचंही लागलं. हुआतच्या पडवीचं लागलं नाही.

सोइपिन हात पुसून त्याच्याकडे गेली. तो देवळाच्या पायरीवर झेंडे मोजत बसला होता. तिनं विचारलं, आमची पडवी खाण्याची जागा नाही का? तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "ज्या चुलीला देवाचा झेंडा नाही, ती चूल या पेठेतली नाही, सोइपिन. मी तुझ्याकडे त्यानंतर पाणी तरी प्यालोय का?"

ते खरं होतं. सगळी पेठ खायची. तो एकटा कधी आला नव्हता. म्हणून तर त्याचाच शब्द तिला हवा होता. बाकीच्यांच्या शब्दाला ती चुलीतली राख समजायची.

ती घरी आली आणि त्या वर्षीची नवी कढई घासायला बसली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. हुआत उंबऱ्यापाशी छोटे कांदे सोलत होता. खाटेवरून आमा बघत होती.

"दर वर्षी नवी कढई," आमा म्हणाली. "कुणासाठी गं?"

"देवासाठी."

"त्या वर्षीची पण स्वच्छच होती."

सोइपिनचा हात थांबला. तिनं मान वर केली नाही.

"कुरकुरी मी टाकली," आमा म्हणाली. भाजीत मीठ मी टाकलं म्हणावं तशी म्हणाली. "तू मागं लाकडं आणायला गेलीस, तेव्हा चाखून बघितलं. कोरडंठाक. माझ्या नावच्या शेवया असल्या बेचव जाणार, मला बघवेना. चरबीच्या मडक्यातला झारा फिरवला. एक कुरकुरी त्यात राहिली असेल, मला काय माहीत."

उंबऱ्यापाशी सुरी थांबली होती. सोइपिननं ते पाहिलं. मग सुरी पुन्हा चालू झाली.

"मग माझं नाव का घेतलंत, आई?"

"तू नवी होतीस. तुला माहेरी जाता आलं असतं. मी कुठं जाणार होते?"

सोइपिनला वाटलं, हातातली कढई खाटेवर आदळावी. तिला असंही वाटलं, की ओक्साबोक्शी रडावं, कारण आपण वेड्या नव्हतो, आपण लावलं ते तेल नवंच होतं, कढई स्वच्छच होती. इतक्या वर्षांत तिलाच कधी कधी शंका यायची. तिनं दोन्हींपैकी काही केलं नाही. ती खाटेपाशी गेली आणि म्हणाली की हे को थियामला सांगा. मला सांगून उपयोग नाही.

आमानं डोळे मिटून विचार केला. मग म्हणाली, सांगीन. पण आता नाही. सोवळ्याच्या आदल्या संध्याकाळी देवळापुढं कंदिलांचा खांब उभा राहतो, तेव्हा देव खाली उतरतात. तेव्हा बोललेलं देवालाही ऐकू जातं, म्हणजे माझंही पाप फिटेल. तेव्हा आण त्याला. "तोवर मला जगव," असंही म्हणाली, आणि हसली.

मग सोइपिननं तिला जगवलं. त्याआधीही ती सासूचं करतच होती, पण आता जे केलं ते पाहून गल्लीनं तोंडात बोटं घातली. दर घटकेला कूस बदलून ठेवायची, अंगाला तेल लावायचं, घशात अडकू नये म्हणून शेवया गाळणीतून काढायच्या, वैद्याला रिक्षात घालून आणायचं, वैद्याचं पटलं नाही तर डॉक्टरला. शेजारणी म्हणाल्या, पोटच्या लेकीनं केलं नसतं. त्यांना वाटलं ती माया आहे. माया कसली, ती साक्षीदार जपत होती. आणि आमाला ते पक्कं ठाऊक होतं. ती मागून मागून खायची. कुरकुरी कमी आहे. चरबी आजची नाही. पंखा हलव. सोइपिन पंखा हलवायची आणि म्हणायची, "आई, खांबापर्यंत टिका."

"तू टिकवशील तशी टिकेन," आमा म्हणायची.

सुनेला तिनं आयुष्यभरात पळवलं नव्हतं इतकं शेवटी पळवून घेतलं. ती खरंच सांगणार होती का? सोइपिनला वाटायचं, सांगेल. दुसरं काही वाटून घेणं तिला परवडणारं नव्हतं.

खांबाच्या दिवशी सकाळी ती पुन्हा देवळात गेली आणि को थियामला म्हणाली, सासूला तुमच्याशी एक शब्द बोलायचाय, तिचे दिवस भरलेत. तो म्हणाला, खांब उभा राहिला की येतो. म्हातारीसाठी येतो, असं त्यानं मुद्दाम वर सांगितलं.

दुपार कलली तेव्हा देवळापुढं दोर ओढणाऱ्यांच्या आरोळ्या सुरू झाल्या. सोइपिननं आमाला उठवून पाठीशी उशी लावली, तोंड पुसलं, केस विंचरले, स्वच्छ पांढरा सदरा घातला. म्हातारी म्हणाली, रिकाम्या पोटी बोलायला लावतेस? दोन घास दे. सोइपिननं दिले. पहिला घास गिळला. दुसरा तोंडातच राहिला. सोइपिननं हनुवटीखाली हात धरला, हाक मारली, पुन्हा मारली. बाहेर खांब उभा राहिला आणि लोकांनी एकच जल्लोष केला. हुआत धावत आत आला तेव्हा त्याची बायको आईच्या तोंडातला घास बोटानं काढत होती, आणि तिच्या तोंडून आपोआप एकच वाक्य येत होतं, आता नाही, आई, आता नाही.

घरात सुतक आलं. सुतकाची बाधा होऊ नये म्हणून शेजाऱ्यांनी रीतीप्रमाणे आपापल्या दाराला लाल कागद चिकटवले. को थियाम आला नाही. येऊच शकत नव्हता. सोवळ्यातल्या माणसानं सुतकी घराचा उंबरा ओलांडायचा नाही. तो काय, कुणीच आलं नाही. जिच्या सुस्काऱ्यावर पेठ हळहळायची, लोक काय म्हणतील एवढ्या एकाच भीतीवर जिनं आयुष्य काढलं, तिच्या शवपेटीपाशी हुआत, सोइपिन आणि भाड्यानं आणलेला मंत्र म्हणणारा, एवढीच माणसं. सुनेच्या गळ्यात दगड बांधून जी पेठ तिनं राखली होती, ती पेठ समोरून पांढरे कपडे घालून वाजतगाजत निघून गेली. सोइपिनला याचं हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दुसऱ्या दिवशी को थियाम समोरच्या पडवीत मिरवणुकीसाठी फळांचं मेज मांडून घेत होता. आजूबाजूला पंधरावीस माणसं, सगळी पांढऱ्यात. सोइपिन सुतकाचा जाडाभरडा तागाचा सदरा घालून आपल्या उंबऱ्यापर्यंत आली. पुढं यायची तिला मुभा नव्हती. मध्ये रस्ता होता. तिनं रस्त्यापलीकडून सगळं सांगितलं, आता येत असलेल्या चिनी बोलीत, एकेक शब्द नीट. कढई स्वच्छ होती. झारा आईनं फिरवला. त्यांनी स्वतः कबूल केलं. काल तुम्हाला तेच सांगणार होत्या.

को थियामनं हातातलं फळ मेजावर ठेवलं. "प्रेत अजून घरात आहे," तो म्हणाला. "तिला उत्तर देता येत नाही. इतकी वर्षं गप्प राहिलीस आणि आज सुचलं?"

"हुआतनं ऐकलंय. त्याच्यासमोर बोलल्या. त्याला विचारा."

सगळ्यांनी हुआतकडे पाहिलं. तो पेटीपाशी बसून आईला परलोकात खर्चाला म्हणून कागदाच्या नोटा जाळत होता. सोइपिननं वळून त्याला हाक मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडे काही मागितलं असेल. त्यानं आईच्या फोटोकडे पाहिलं, मग हातातल्या नोटांकडे.

"मी कांदे सोलत होतो," तो म्हणाला. "डोळ्यांना धारा लागलेल्या. माझं लक्ष नव्हतं."

को थियामनं मान हलवली आणि पुन्हा फळं रचायला घेतली. बाकीच्यांनीही. कुणी तिला वाईट बोललं नाही. सुतकी बाईला बोलू नये म्हणतात. सुरी थांबलेली सोइपिननं डोळ्यांनी पाहिली होती. सासूनं तिला एकदा विकलं होतं, तेव्हा ती परकी होती, ते समजून घेता आलं. नवऱ्यानं आज विकलं, आणि तेही कशासाठी? मेलेल्या आईच्या फोटोसमोर थोडं अवघडायला नको म्हणून.

पेटी घरात असेपर्यंत मृताला सकाळ-संध्याकाळ जेवण वाढायचं असतं, आणि ते त्याच्या आवडीचं असावं लागतं, नाही तर जीव उपाशी भटकतो. वाढायचं काम सुनेचं. त्या संध्याकाळी सोइपिननं भिंतीवरची नवी कढई काढली. नव्या तेलात, आळंबी आणि टोफू घालून, कांदा-लसूण न घालता शेवया परतल्या. वाडगा भरून आमाच्या फोटोपुढं ठेवला, बाजूला जेवायच्या काड्या, चहाचा पेला. सगळं रीतसर.

हुआतनं वाडग्यात डोकावून पाहिलं. पेटीपाशी गेला, परत आला.

"हे काय?" तो हळूच म्हणाला. "आईला हे चालायचं नाही. तिला चरबीशिवाय घास उतरत नव्हता. सोवळ्यातसुद्धा झारा फिरवायची ती, तुला माहितीये."

सोइपिननं त्याच्याकडे पाहिलं. आपण काय बोलून गेलो हे त्याला उशिरा कळलं.

"समोर को थियाम बसलेत," ती म्हणाली. "आत्ता म्हणालास तेवढंच त्यांना जाऊन सांग. मी लगेच चरबी कढवायला घेते."

हुआत उंबऱ्यापर्यंत गेला. तिथं उभा राहिला. रस्त्यावर मेणबत्त्या लावत होते. कुणीतरी त्याला पाहून हात जोडले, त्यानंही जोडले. मग परत येऊन नोटा जाळायला बसला. वाडगा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही तसाच ठेवला, आणि तिसऱ्या. रोज तो तोंड उघडायचा, रोज ती तेच सांगायची, रोज तो उंबऱ्यापर्यंत जायचा. पेटी उचलली तोपर्यंत आमाला एकही कुरकुरी मिळाली नाही.

समोरच्यांनी एवढंच पाहिलं, की सुतक असूनही सोइपिन सोवळ्याच्या दिवसांत सासूला शुद्ध जेवण वाढते. चरबीचा वाससुद्धा रस्त्यावर आला नाही. गल्लीत बोलणं झालं. बाई शेवटी शुद्धीवर आली म्हणाले. त्या दिवशी काय वेड्यासारखं बोलली ते सासूच्या दुःखानं बोलली असेल, सोडून द्या म्हणाले. को थियाम कठोर होता, पण खोटा नव्हता. वर्षाचं दुःख सरल्यावर पुढच्या सोवळ्याआधी त्यानं पंचांसमोर विषय काढला. बाईनं पुरेसं प्रायश्चित्त घेतलंय, आपण तिला माफ करू. देवाला कौल लावला. देव हो म्हणाला.

असा झेंडा आला. हुआतनं तो दोन्ही हातांनी आणला, डोळ्यांत पाणी, या वेळी कांदे नव्हते. गल्लीच्या तोंडावरच्या फलकात एका फरशीची जागा रिकामी होती, तिथं यांचीही बसवली. तिच्यावर कढई, ज्वाळा, आणि खाली नाव: आमा लुआनच्या शेवया. सोइपिनला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं तिनं? जे केलं नाही त्याची माफी मिळाली, आणि माफीवर सही जिनं केलं तिच्या नावाची.

आता सोवळ्यातही पडवीत बसायला जागा नसते. परके लोक फलकाचा फोटो काढून येतात आणि विचारतात, आमा लुआन तुम्हीच का? सोइपिन भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवते आणि पुढचा वाडगा भरते. को थियाम पहिल्या दिवशी येऊन जेवला. जुन्या वेळच्या बाकावरच बसला. वाडगा रिकामा केला, काड्या आडव्या ठेवल्या आणि म्हणाला, "चव अगदी तुझ्या सासूच्या हातची आहे."

"नाही," सोइपिन म्हणाली. "तिच्या हातची असती तर तुम्हाला कळली असती."

त्याला वाटलं ती विनयानं बोलतेय. त्यानं हात जोडले आणि गेला.

आमाच्या फोटोपुढं अजून रोज एक वाडगा ठेवला जातो, सोवळ्यात आणि सोवळ्याबाहेरही. गिऱ्हाइकांच्या वाडग्यांत दहाव्या दिवसापासून कुरकुरी पडते. तिच्या पडत नाही. हुआत आता फार थकलाय. मधूनच कांदे सोलता सोलता म्हणतो, सगळं झालं ना आता, झेंडा आला, फलक लागला, तिला चार कुरकुरी घाल. सोइपिन सुरीकडे बघते आणि म्हणते, को थियाम घरीच असतील, जाऊन ये. हुआत रस्त्याकडे पाहतो, आणि मग पुढचा कांदा घेतो.